कुलाब्याचं हरवलेलं टर्मिनस

आमच्या वैरागला रेल्वे नाही. १८९७ साली बार्शी लाइट बार्शीपर्यंत आली, आम्ही एसटीवरच राहिलो. म्हणूनच असेल, गाडी कुठे संपणार हे कोण ठरवतं, हा प्रश्न मी पीएचडीपर्यंत ओढत आणला.

मुंबईचंच बघा. बी.बी.सी.आय.च्या गाड्या पूर्वी चर्चगेटच्याही पुढे, कुलाब्याला संपायच्या. ५ जानेवारी १९२८ ला कुलाबा–बोरिवली विजेची लोकल सुरू झाली. आणि तीन वर्षं होतायत न होतायत तोच, ३१ डिसेंबर १९३० ला, कुलाबा स्टेशन बंद! बॅकबेचा समुद्र बुजवून नवी जमीन काढायची होती, तिच्यात रूळ आडवे येत होते. लांबच्या गाड्या नव्या बॉम्बे सेंट्रलला गेल्या, लोकल चर्चगेटलाच थांबली. स्टेशनच्या जागेवर आज बधवार पार्क ही रेल्वे कॉलनी आहे.

तिथून जवळच, कफ परेडला, ऑक्टोबर २०२५ मध्ये गाडी परत आली, पण भुयारातून. आरे ते कफ परेड, ३३.५ किमी, २७ स्टेशनं, त्यातलं एकटं आरे जमिनीवर. वाटेत विमानतळाची टी-१ आणि टी-२. सोलापूरहून सिद्धेश्वरने सीएसएमटीला उतरलेला माणूस आता बॅग घेऊन खालूनच विमानतळ गाठतो.

गाडी खालून गेली म्हणून वरची जमीन सुटली असं मात्र नाही. गिरगाव-काळबादेवीतल्या कुटुंबांना स्टेशनांसाठी घरं सोडावी लागली, कारशेडसाठी आरेतली झाडं गेली. माझं पुढचं प्रकरण त्यांच्यावर आहे.