चार चौकोन आणि एक पढतमूर्ख

तर मंडळी, आज जरा ऑफिसची गोष्ट, आणि तिच्या निमित्ताने थोडा इतिहास. काकू म्हणतात की मी ब्लॉगवर नुसतं खाण्यापिण्याचं लिहिते. घ्या काकू, हे तुमच्यासाठी :)

आमच्या पांढरकवड्याच्या ऑफिसात काही वर्षांपूर्वी एक ट्रेनिंग झालं. विषय होता, माणसांचे स्वभाव ओळखून कामाच्या ठिकाणी संवाद कसा सुधारायचा. प्रत्येकाने एक फॉर्म भरला आणि आम्ही सगळे चार चौकोनांत वाटले गेलो : हुकूम सोडणारे, बोलके, शांत आणि काटेकोर. मी पहिल्या चौकोनात निघाले. (घरच्यांनी हसू नये.) आमचे एक ज्येष्ठ सहकारी, त्यांना आपण भाऊ म्हणू, ते शांत चौकोनात.

मला ते फार पटलं. हे चौकोन आले कुठून म्हणून मग शोधत बसले. विल्यम मार्स्टन नावाचे एक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. १९२८ साली त्यांनी सर्वसामान्य माणसांच्या भावनांवर एक पुस्तक लिहिलं, त्यात या चौघांचं मूळ आहे. रक्तदाबावरून खोटं पकडायची पद्धत काढणारे हेच, आणि १९४१ मध्ये 'वंडर वुमन' ही कॉमिक्समधली नायिका जन्माला घालणारेही हेच! गंमत म्हणजे मार्स्टननी कुठलाही फॉर्म बनवला नव्हता. ते फॉर्म नंतर वॉल्टर क्लार्क यांच्यासारख्या इतरांनी कंपन्यांसाठी तयार केले. मार्स्टनचा प्रश्न निराळा होता. माणसाला भोवतालची परिस्थिती अनुकूल वाटते की प्रतिकूल, आणि त्यात तो पुढे सरसावतो की जुळवून घेतो? म्हणजे त्यात जितका माणूस, तितकीच परिस्थितीही होती. फॉर्ममध्ये नेमकी तीच गळली.

हे सगळं वाचताना मला आजोबांचा दासबोध आठवला. समर्थ रामदासांचा हा ग्रंथ वीस दशकांचा, दर दशकात दहा समास. दुसऱ्या दशकाची सुरुवातच मूर्खाच्या लक्षणांनी होते. स्वतःच स्वतःची स्तुती करणारा, दोघं बोलत असताना मध्ये जाऊन बसणारा, कारणाचा विचार न करता निरपराध्याला शिक्षा करणारा.. वाचताना वाटतं, समर्थांनी आमच्या ऑफिसात महिनाभर काढला असावा! लहानपणी आम्ही भावंडं यातली लक्षणं एकमेकांना चिकटवायचो. आजोबा रागवायचे. म्हणायचे, "ते दुसऱ्यासाठी नाही लिहिलेलं." तेव्हा कळलं नाही. पण तो समास संपताना समर्थच सांगतात की ही लक्षणं सांगितली ती सोडून देण्यासाठी. म्हणजे हा आरसा आहे, कपाळावर मारायचा शिक्का नव्हे. त्याच दशकात पुढे रज, तम, सत्त्व येतात. तिथेही देह मुळात तिन्ही गुणांचाच, असं म्हटलंय. कुणी एकाच चौकोनात पूर्ण मावत नाही.

हे सगळं मला तेव्हा कळलं असतं तर बरं झालं असतं.

झालं असं. कापसाचा हंगाम होता. शेतकऱ्यांचे पैसे खात्यांवर जायचे, त्यातले काही परत येऊ लागले. आम्ही आठ दिवस याद्या तपासत होतो, बाहेर माणसं ताटकळत होती. एक म्हातारे गृहस्थ तर पाटणबोरीकडून तीन वेळा आले. मीटिंगांवर मीटिंगा झाल्या. भाऊंना मी एकाही मीटिंगला बोलावलं नाही. ते शांत गटातले, त्यांना कटकट नको, असं मीच ठरवून टाकलं होतं.

नवव्या दिवशी चहाच्या वेळी सहज विचारलं. भाऊ म्हणाले, "मॅडम, आपल्याकडं तेलुगू लोकं हायेत ना, ते आडनाव आधी लिवतात. पासबुकावर तसंच हाय. आपल्या यादीत आडनाव मांगं गेलं. नाव जुळन कसं?"

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"मले विचारलं कोनं? तुमीच तं म्हनलं, भाऊ शांत गटातले."

त्या रात्री दासबोध काढला. दुसऱ्या दशकाचा शेवटचा समास पढतमूर्खाचा आहे, म्हणजे शिकलेल्या मूर्खाचा. ग्रंथ पूर्ण न पाहताच त्याला नावं ठेवतो, तो पढतमूर्ख. मी एका पानाचा फॉर्म वाचून आयुष्यभर काम केलेला माणूस वाचल्यासारखं केलं होतं. लक्षण माझंच होतं.

याद्या दोन दिवसांत दुरुस्त झाल्या. पण त्या म्हाताऱ्या गृहस्थांच्या तीन फेऱ्या काही परत देता आल्या नाहीत.

चौकोन अगदीच वाईट असं मी म्हणणार नाही. आपण फार तोडून बोलतो, हे मला त्यानेच दाखवलं. तेवढ्यापुरता तो कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, पण फक्त माझा. बाकीच्यांना मी आता सरळ विचारते, तुम्हाला काम कसं सांगितलेलं आवडेल? भाऊंनी सांगितलं, "चारचौघांत नको, चिठ्ठी द्या." निवृत्त होईपर्यंत मी त्यांना चिठ्ठीच देत होते, आणि उत्तर दर वेळी माझ्या चिठ्ठीपेक्षा लांब यायचं.

असो. तुमच्या ऑफिसात असा कुणी न विचारलेला भाऊ आहे का, बघा बरं.