ओपन सोर्सला दिलेल्या कोडवर हक्क कोणाचा?

गिटहबसारख्या संकेतस्थळावरील एखाद्या प्रकल्पातील चूक दुरुस्त करून पाठवली आणि चालकांनी ती स्वीकारली, की विषय संपला, असे बहुतेक प्रोग्रामर समजतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र तेथे एक करार झालेला असतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार संगणक प्रोग्राम ही साहित्यकृती ठरते आणि तिचा पहिला मालक सर्वसाधारणपणे लिहिणाराच असतो. मग त्याचा कोड इतरांनी कोणत्या अधिकाराने वापरावा?

गिटहबच्या सेवाशर्तींत याचे उत्तर आहे. प्रकल्पावर परवाना नमूद असेल, तर त्यात भर घालणारा आपला कोड त्याच परवान्याखाली देतो. तसा तो देण्याचा अधिकार आपल्याला आहे, हेही तो त्याच कलमाने मान्य करतो. वेगळा करार झालेला असल्यास तो वरचढ ठरतो. प्रकल्पावर परवानाच नसेल, तर इतरांना गिटहबवर तो पाहण्याची व त्याची प्रत करून ठेवण्याची तेवढी मुभा मिळते. सर्वांना दिसते ते सर्वांचे, हा समज चुकीचा आहे.

लिनक्सने याबाबत निराळी वाट धरली. लिनक्समध्ये आपला कोड घुसवल्याचा आरोप करीत २००३ मध्ये एससीओ कंपनीने आयबीएमला न्यायालयात खेचले. त्यानंतर २००४ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी ‘डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन’ ही पद्धत आणली. प्रत्येक बदलाखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ लिहून हा कोड देण्याचा आपल्याला अधिकार असल्याची ग्वाही द्यायची, इतकेच. कॉपीराइट ज्याचा त्याच्याकडेच राहतो. परिणामी हजारो मालक असलेल्या लिनक्स कर्नलचा परवाना बदलणे आज कोणाही एकाला जवळपास अशक्य आहे.

खरी मेख आहे ती ‘काँट्रिब्युटर लायसन्स ॲग्रीमेंट’ अर्थात सीएलएमध्ये. त्यात कोड देणारा प्रकल्पाच्या चालकाला बरेच व्यापक हक्क देतो. बिगर-नफा अपाची फाउंडेशनही असा करार करून घेते, तेव्हा सीएलए म्हणजे कावाच, असे नव्हे. पण चालक नफ्यासाठी चालणारी कंपनी असेल, तर मजकूर सावकाश वाचावा. हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्मचा मोझिला परवाना काढून पुढील आवृत्त्यांना व्यापारी निर्बंध घालणारा ‘बिझनेस सोर्स लायसन्स’ लावला. बाहेरच्यांनी लिहिलेल्या कोडबाबत तिला हे करता आले, ते सीएलएमुळे. आधीच्या आवृत्त्यांचा परवाना मागे घेता येत नसल्याने नाराजांनी त्यावरून ‘ओपनटोफू’ उभे केले. मूळ परवाना बीएसडीसारखा उदार असेल, तर सीएलएचीही गरज पडत नाही, हे मार्च २०२४ मध्ये रेडिसने दाखवून दिले.

नोकरदारांसाठी आणखी एक अडचण आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ (क) नुसार, वेगळा करार नसेल, तर नोकरीच्या ओघात लिहिलेल्या कोडचा पहिला मालक नोकरी देणाराच असतो. पुण्या-मुंबईतील आयटी कंपन्यांची नेमणूकपत्रे अनेकदा याहूनही पुढे जातात. अशा स्थितीत ‘मला अधिकार आहे’ ही ग्वाही खोटी ठरू शकते. म्हणून कोड पाठवण्यापूर्वी कंपनीची लेखी परवानगी घ्यावी; अपाचीसारख्या संस्था तर कंपनीच्या सहीसाठी स्वतंत्र नमुनाच ठेवतात.