शकुंतला आणि ८७ चा भागाकार

रेल्वेची मॉडेल्स करणाऱ्यांची दोन शब्दांत हमखास गल्लत होते... स्केल आणि गेज. स्केल म्हणजे खऱ्या गाडीच्या कितवा भाग, आणि गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर. 'एचओ' हे लोकप्रिय स्केल १:८७ चं. खरं माप घ्यायचं, ८७ नं भागायचं, झालं!

युरोपातला स्टँडर्ड गेज १४३५ मिमी. भागा... १६.५. बाजारात एचओचे रूळ तेवढेच मिळतात. पण १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली आपली मोठी लाईन १६७६ मिमीची. भागाकार १९.३! म्हणजे वर्ध्याची कुठलीही एक्सप्रेस त्या तयार रुळांवर ठेवली, की चाकं पोटात ओढल्यासारखी दिसतात.

आता आमच्या आंजीकरांच्या ओळखीची पुलगाव-आर्वी शकुंतला घ्या. १९१७ सालची, ३५ किमीची, नॅरो गेज, ७६२ मिमी. भागाकार ८.७६. आणि १:१६० च्या 'एन' स्केलचे ९ मिमीचे रूळ सगळीकडे मिळतात! इंजिन-डबे १:८७ चे करायचे, रूळ 'एन'चे वापरायचे. खऱ्या मापात चूक फक्त २१ मिमीची. दिमाखदार मोठ्या लाईनला जे जमत नाही, ते या गरीब गाडीला जमतं.

त्या मार्गावर आता गाडी नाही. म्हणून नातेवाईक मंडळींना एक विनंती... जुन्या अल्बममध्ये डब्याशेजारी कुणी उभं असेल, तर तो फोटो जपा. माणसाच्या उंचीवरून डब्याची उंची काढता येते. पुढचं काम ८७ चं!