जव्हार-मोखाडा परिसरातील जुन्या घरांचे दगड-वीटकाम व त्याची दुरुस्ती : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा हे तालुके सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील डोंगराळ व आदिवासीबहुल तालुके होत. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात येण्यापूर्वी ते ठाणे जिल्ह्यात समाविष्ट होते. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणी येथे झालेल्या बालमृत्यूंमुळे या परिसराचे नाव राज्यभर पोहोचले आणि तेव्हापासून कुपोषण, स्थलांतर व दारिद्र्य या अंगांनीच त्याचा प्रामुख्याने अभ्यास होत आला. ते स्वाभाविकही आहे. तथापि येथील माणूस कोणत्या घरात राहिला, ते घर कशाचे होते आणि ते त्याने कसे टिकविले, हा प्रश्नही सामाजिक इतिहासाचाच भाग आहे. जुन्या घरांच्या भिंती, त्यांतील चुना व त्यांची दुरुस्ती यांचा ऐतिहासिक दृष्टीने विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

बीजशब्द : जव्हार, मोखाडा, चुना, सुरखी, गिलावा, दरजा, सिमेंट, गवंडीकाम, स्थलांतर.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. जव्हार-मोखाडा परिसरातील गृहबांधणीची ऐतिहासिक पार्श्वभूमी समजून घेणे.
२. चुन्याकडून सिमेंटकडे झालेल्या स्थित्यंतराची कारणे व परिणाम तपासणे.
३. थंड प्रदेशातील दुरुस्तीविषयक अनुभव येथील हवामानास कितपत लागू पडतो, याचा विचार करणे.
४. दुरुस्तीच्या कामाचा स्थानिक रोजगाराशी असलेला संबंध स्पष्ट करणे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

जव्हार हे महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याचे संस्थान होते. परंपरेनुसार जयबा मुकणे हे या घराण्याचे मूळ पुरुष मानले जातात, तर १३४३ मध्ये दिल्लीच्या सुलतानाकडून या राज्यास मान्यता मिळाल्याचे सांगितले जाते. सुमारे ३१० चौरस मैलांचे हे संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. यशवंतराव मुकणे हे त्याचे अखेरचे राजे होत. शेजारचा मोखाडा मात्र ब्रिटिश अमलाखाली असून शहापूर तालुक्याचा पेटा होता. म्हणजेच आज एका दमात उच्चारली जाणारी ही दोन नावे दीर्घकाळ दोन निरनिराळ्या राज्यव्यवस्थांत होती.

या परिसरात आजतागायत रेल्वे पोहोचलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पश्चिमेस डहाणूकडून व पूर्वेस कसारा-इगतपुरीकडून लोहमार्ग गेले, परंतु मधला डोंगराळ पट्टा तसाच राहिला. बाहेरून जड माल आणणे खर्चाचे असल्याने काळा दगड, माती, लाकूड, कारवी व बांबू हेच बांधकामाचे मुख्य साहित्य होते. हा सारा प्रदेश काळ्या पाषाणाचा असल्यामुळे दगडास तोटा नव्हता. चुना मात्र तसा सहज मिळणारा नव्हे. दख्खनच्या पाषाणी प्रदेशात चुनखडीचे मोठे साठे नसल्याने नदी-नाल्यांच्या काठी व मातीत सापडणारे चुनखडीचे खडे, तसेच किनारपट्टीवर शिंपले भाजून चुना मिळविण्याची पद्धत होती. साहजिकच चुन्याचे बांधकाम ही ऐपतीची खूण ठरली.

घरांचे प्रकार व त्यामागील श्रम :

येथील घरांचे स्थूलमानाने दोन प्रकार करता येतात. पहिला प्रकार वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी आदी समाजांच्या घरांचा. कारवीचा कूड, त्यावर शेण-मातीचे सारवण, लाकडी मेढी आणि गवताचे वा कौलांचे छप्पर असे त्याचे स्वरूप. दरवर्षी पावसाळ्यानंतर कूड लिंपणे हे या घराच्या जीवनक्रमातच बसलेले होते. दुरुस्ती ही येथे आपत्ती नसून ऋतूचे काम होते. दुसरा प्रकार जव्हार शहरातील राजवाडा, राजघराण्याशी संबंधित इमारती, व्यापारी व कारभारी मंडळींची घरे यांचा. दगडी जोते, लाकडी सांगाडा, विटांच्या वा दगडी भिंती, चुन्याचा गिलावा व उतरते कौलारू छप्पर ही त्याची सर्वसाधारण वैशिष्ट्ये होत. १८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना सुरू केल्यानंतर मंगलोरी कौले पश्चिम किनाऱ्यावर पसरली व हळूहळू नळीच्या कौलांची जागा त्यांनी घेतली.

येथे एक गोष्ट नमूद करणे आवश्यक आहे. ज्यांनी दगड वाहिला, लाकूड तोडले व चुना मळला, ते श्रमिक स्वतः बहुधा कुडाच्या घरात राहत होते. ठाणे जिल्ह्यातील वेठीची प्रथा सर्वज्ञात आहे. १९४५ मध्ये गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली उंबरगाव-डहाणू भागात झालेला वारल्यांचा उठाव हा याच प्रथेविरुद्ध होता. त्यामुळे जुन्या इमारतीच्या जतनाचा विचार करताना केवळ तिच्या मालकाचा गौरव न करता तिच्या भिंतीत जिरलेल्या श्रमाचीही दखल घ्यावयास हवी.

चुन्याचे तंत्र :

चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजली असता तिच्यातील कार्बन डायऑक्साइड वायू निघून जातो व कळीचा चुना मिळतो. त्यावर पाणी घातले की तो तापून फुटतो, यालाच चुना विरविणे म्हणतात. विरलेला चुना वाळू व सुरखीसह बैलांच्या घाणीत मळून बांधकामास वापरला जाई. भिंतीत गेल्यावर हाच चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडीचे रूप घेतो. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटेची पूड. तिच्याशी चुन्याची रासायनिक क्रिया होऊन ओलसर जागीही मिश्रण घट्ट होते. पावसाळी प्रदेशात सुरखीचे महत्त्व यामुळेच आहे. चुन्यात गूळ, बेलफळ, हिरडा, ताग आदी पदार्थ मिसळण्याची प्रथा महाराष्ट्रात होती. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू आढळल्याचे संशोधन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. यावरून गिलाव्यात वनस्पतिजन्य पदार्थ मिसळण्याच्या परंपरेची प्राचीनता लक्षात येते.

सिमेंटचे आगमन व त्याचे परिणाम :

इंग्लंडमध्ये जोसेफ अॅस्पडिन याने १८२४ मध्ये पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. भारतात १९०४ मध्ये मद्रास येथे सिमेंट तयार करण्याचा प्रयत्न झाला आणि १९१४ मध्ये पोरबंदर येथील कारखान्यातून उत्पादन सुरू झाले. १९३६ मध्ये अनेक कंपन्यांच्या एकत्रीकरणातून ‘असोसिएटेड सिमेंट कंपनीज’ स्थापन झाली. स्वातंत्र्योत्तर काळात सिमेंट गावोगाव पोहोचले. ते लवकर घट्ट होते, साठविण्यास सोपे असते व त्याला घाणीची गरज नसते. गवंड्याचे काम त्यामुळे वेगाने होऊ लागले. सिमेंटचे हे गुण नाकारण्याचे कारण नाही. नव्या बांधकामात त्याचे स्थान निर्विवाद आहे.

प्रश्न निर्माण होतो तो जुन्या भिंतीच्या दुरुस्तीत. जुनी भिंत जमिनीतून व पावसातून ओल घेते आणि चुन्याच्या दरजांतून व गिलाव्यातून ती बाहेर सोडते. अशा भिंतीवर सिमेंटचा घट्ट थर चढविला की ओल बाहेर पडण्याचा मार्ग बंद होतो. मग ती विटेतूनच मार्ग काढते. पाण्याबरोबर आलेले क्षार विटेच्या पृष्ठभागाजवळ साचून स्फटिकरूप घेतात, लोणा लागतो व विटेचे पोपडे निघतात. लाकडी तुळयांची भिंतीतील टोके कुजतात. प्रस्तुत लेखकाने जव्हार येथे पाहिलेल्या एका जुन्या घरात ओल थांबविण्यासाठी जोत्यापासून कमरेइतक्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा केलेला होता. ओल थांबली नव्हती, ती गिलाव्याच्या वरच्या कडेपर्यंत चढली होती. गिलावा सुटून आला तेव्हा त्याच्या पाठीशी विटेचा थरही निघून आला. घरमालकाने खर्च चांगल्या हेतूने केला होता, परंतु औषधच रोगाचे कारण ठरले.

थंड प्रदेशातील अनुभव :

युरोप व उत्तर अमेरिकेतील थंड प्रदेशांत हीच चूक अधिक तीव्रतेने अनुभवास आली. पाणी गोठून बर्फ होताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते. भिंतीत अडकलेले पाणी हिवाळ्यात वारंवार गोठते व वितळते, त्या ताणाने विटेचा वा मऊ दगडाचा दर्शनी भाग फुटतो. विटेपेक्षा दरज कठीण असली की नुकसान विटेचे होते. म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेच्या मार्गदर्शक पुस्तिकेत दरजेचे मिश्रण विटेपेक्षा मऊ असावे, हे तत्त्व आग्रहाने मांडले आहे. दरजेच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट खोलीपर्यंत जुने मिश्रण काढावे, असेही त्यात सांगितले आहे. इंग्लंडमध्ये तर १८७७ मध्येच विल्यम मॉरिस यांनी जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था स्थापन करून नूतनीकरणाऐवजी नित्य देखभालीचा पुरस्कार केला होता.

जव्हार सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. येथील हिवाळा किनाऱ्यापेक्षा थंड असला, तरी पाणी गोठण्याइतका नाही. मात्र थंड देशात जे काम बर्फ करतो, ते येथे पाऊस व क्षार करतात. चार महिने भिंत भिजते आणि उरलेले महिने वाळते. हे भिजणे-वाळणे शतकभर सुरू असते. कारण निराळे असले तरी भिंतीतील पाण्याला वाट ठेवावी, हे तत्त्व दोन्हीकडे समानच आहे. थंड प्रदेशातील पद्धती जशीच्या तशी उचलणे मात्र योग्य नव्हे. तेथे दंव टाळून काम करावे लागते, येथे पाऊस व कडक ऊन दोन्ही टाळावे लागतात.

दुरुस्तीचा क्रम :

प्रथम ओलीचे कारण शोधावे. फुटलेली कौले, कुजलेले वासे, जोत्याशी साचणाऱ्या पागोळ्या व रस्ता वाढून वर आलेली जमीन ही नेहमीची कारणे होत. ती दूर न करता गिलावा करणे व्यर्थ आहे. त्यानंतर सैल झालेल्या दरजा छिन्नीने, विटेची कड न दुखविता, मोकळ्या कराव्यात. भिंत भिजवून चुना, सुरखी व वाळूचे मिश्रण थराथराने दाबून भरावे आणि काही दिवस गोणपाटाने ओले ठेवावे. संपूर्ण भिंत सोलण्यापेक्षा बिघडलेला भागच दुरुस्त करावा. भक्कमपणाकडेही दुर्लक्ष करून चालणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींचे आतील व बाहेरील थर एकमेकांपासून सुटून कोसळले. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका अनुभवास आली. म्हणून दोन्ही थरांना जोडणारे आरपार दगड बसविणे, कोपरे बांधून घेणे व आवश्यक तेथे अभियंत्याचा सल्ला घेणे अगत्याचे आहे.

हंगाम, श्रम व स्थलांतर :

चुन्याच्या कामास योग्य हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंतचा. पाऊस सरलेला असतो, ऊन सौम्य असते. परंतु नेमक्या याच काळात जव्हार-मोखाड्यातील पाडे रिकामे होतात. भातकापणी संपली की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई परिसरातील वीटभट्ट्यांवर जातात. ज्या हातांना माती, वीट व आच यांचे ज्ञान आहे, ते हात दुसऱ्यांच्या इमारतींसाठी विटा पाडतात आणि गावातील जुनी भिंत मात्र जाणत्या गवंड्याअभावी सिमेंटच्या थराखाली जाते. स्थलांतर थांबावे म्हणून राज्याने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला, परंतु त्यातील कामे प्रामुख्याने मातीकाम, रस्ते व जलसंधारणाची राहिली. कसबी दुरुस्तीकाम हा रोजगाराचा विषय होऊ शकतो, हा विचार मागे पडला. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेचा भरही नव्या पक्क्या घरावर होता. पक्के घर ही गरजू कुटुंबाची रास्त आकांक्षा आहे आणि तिला जतनाच्या नावाखाली विरोध करणे अन्यायाचे ठरेल. परंतु दुरुस्तीयोग्य जुनी भिंत पाडणे हाच एकमेव मार्ग आहे, असेही नव्हे.

निष्कर्ष :

१. जव्हार-मोखाडा परिसरातील चुन्याचे बांधकाम हे स्थानिक साहित्य, दळणवळणाचा अभाव व सामाजिक विषमता यांतून घडले आहे.
२. जुन्या भिंतीवरील सिमेंटची दुरुस्ती अनेकदा ओल कोंडून ऱ्हासास गती देते.
३. थंड प्रदेशातील तत्त्वे उपयुक्त असली तरी त्यांची योजना येथील पाऊस व हंगाम पाहूनच करावयास हवी.
४. महाविद्यालये, नगरपरिषद व औद्योगिक प्रशिक्षण संस्था यांनी एकत्र येऊन दिवाळीनंतरच्या काळात चुन्याच्या कामाचे प्रशिक्षण दिल्यास काही तरुणांना गावातच कसबाचे काम मिळू शकेल.

कुडाचे घर दरवर्षी लिंपणाऱ्या स्त्रीला जे ठाऊक होते, तेच जतनशास्त्र आज सांगत आहे. घर एकदा बांधून संपत नाही, ते दरवर्षी थोडे थोडे राखावे लागते. हे ज्ञान जाणणारी पिढी हयात आहे तोवर त्याची नोंद करणे, हे या परिसरातील इतिहासाच्या अभ्यासकांचे कर्तव्य होय.