उष्णतेने रंग काढण्याच्या तंत्राचा इतिहास : काष्ठवास्तू, शिसे आणि आरोग्य

प्रस्तावना :
जुन्या दारे-खिडक्यांवरील रंग उष्णता देऊन सैल करणे व खरवडून काढणे हे रंगाऱ्यांचे नित्याचे काम आहे. वास्तूंच्या इतिहासात मात्र रंग लावण्याची चर्चा होते. तो काढण्याची क्वचितच. प्रस्तुत लेखात या तंत्राच्या वाटचालीचा आणि त्यातील धोक्याच्या जाणिवेचा संक्षिप्त आढावा घेतला आहे.

ज्योतीपासून तारेपर्यंत :
जवसाच्या तेलात शिशाचा सफेदा घोटून केलेला रंग हा युरोप-अमेरिकेतील काष्ठकामाचा दीर्घकाळ प्रमुख रंग होता. वाळताना हे तेल हवेतील प्राणवायूशी संयोग पावून कठीण होते. ते पाण्याने सुटत नाही, पण उष्णतेने मऊ पडते. स्वीडनमधील कार्ल रिचर्ड न्यूबर्ग यांनी १८८२ च्या सुमारास ब्लो लॅम्पची निर्मिती सुरू केली. हे साधन रंगाऱ्यांच्या हाती आले आणि थरावर थर चढलेला रंग झपाट्याने निघू लागला. परंतु उघड्या ज्योतीने लाकूड करपे, खिडकीची काच तडके आणि फटीत शिरलेली ठिणगी आग लावू शके.

१९०६ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांना निकेल-क्रोमियम मिश्रधातूचे पेटंट मिळाले. लालबुंद होऊनही लवकर न जळणारी तार त्यामुळे उपलब्ध झाली. विजेची शेगडी याच तारेवर चालते. अशा शेगडीचे वेटोळे पत्र्याच्या खोलगट कवचात बसवून व त्याला लाकडी मूठ लावून रंग काढण्याचे घरगुती साधन तयार करता येते. यात ज्योत नसते. तार रंगापासून थोड्या अंतरावर धरली की थर फुगतो व स्क्रॅपरने निघतो. मात्र तापमानाचे नियंत्रण केवळ कारागिराच्या हातावर आणि नजरेवर अवलंबून राहते.

धोक्याची जाणीव :
ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील नेत्रतज्ज्ञ लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ मध्ये बालकांच्या विषबाधेचा संबंध घराच्या व्हरांड्यातील रंगविलेल्या कठड्यांशी जोडला. क्वीन्सलँडने १९२२ मध्ये मुलांच्या हाती येणाऱ्या पृष्ठभागांवरील अशा रंगाविरुद्ध कायदा केला. तत्पूर्वी, १९२१ मध्ये, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सफेद्याविषयीचा करार संमत केला. या करारात कोरडे घासणे व खरवडणे यांतून उडणाऱ्या धुळीपासून कामगारांच्या संरक्षणाची तरतूद होती. म्हणजेच रंग लावणाऱ्याइतकाच तो काढणाराही संकटात आहे, हे तेव्हाच मान्य झाले होते. तरीही अमेरिकेने घरगुती रंगांतील शिशावर १९७८ मध्ये बंदी घातली. तेथे जुन्या घरांच्या दुरुस्तीत व्यावसायिकांनी उघड्या ज्योतीचा, तसेच ११०० अंश फॅरनहाइट (सुमारे ५९३ अंश सेल्सिअस) किंवा त्याहून अधिक तापणाऱ्या हीट गनचा वापर करू नये, असा नियम २००८ मध्ये जाहीर झाला. अतितप्त रंगातून शिशाची घातक वाफ निघते, हे त्यामागील कारण होय.

भारतीय संदर्भ :
भारतात २०१६ च्या नियमांनी घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत ९० भाग अशी ठरविली. ती १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. हा नियम नव्या रंगाला लागू आहे. जुन्या वाड्यांच्या सागवानी खांबांवर व दारांवर आधीच बसलेल्या तेलरंगाच्या थरांना तो स्पर्श करीत नाही. ते काढण्याची वेळ येते तेव्हा धुळीशी व वाफेशी सामना कारागिराचाच असतो, आणि घरात मुले असल्यास त्यांचाही.

निष्कर्ष :
ज्योतीकडून तारेकडे झालेल्या या प्रवासात लाकडाची काळजी आधी घेतली गेली. माणसाची काळजी घेणारे नियम मागाहून आले. घरगुती साधनाने पैसा वाचतो, पण तापमानाची मर्यादा पाळण्याची शाश्वती ते देत नाही. म्हणून उष्णता देण्यापूर्वी रंगातील शिशाची तपासणी होणे अगत्याचे आहे. शिवाय रंगाचा प्रत्येक थर हा वास्तूच्या एकेका कालखंडाची साक्ष असतो. तो सरसकट खरवडण्यापूर्वी एखादा कोपरा अस्पर्शित राखणे, हे इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.