अक्विलोनियाचा रानटी राजा

आज मी ज्या राज्याविषयी बोलणार आहे, त्याला नकाशा आहे, सरहद्दी आहेत, शत्रू आहेत, उदय आहे आणि अस्तही आहे. फक्त ते राज्य पृथ्वीवर कधी नव्हतं. त्याचं नाव अक्विलोनिया. आणि त्याचा राजा कोनन, उत्तरेकडच्या सिमेरिया नावाच्या डोंगराळ मुलखातला एक रानटी लढवय्या.

कोननचा जनक रॉबर्ट हॉवर्ड. जन्म १९०६चा, अमेरिकेतल्या टेक्सासचा. वडील डॉक्टर. क्रॉस प्लेन्स नावाच्या छोट्या गावात या मुलानं मोठे बदल पाहिले. आसपास तेल सापडलं की पैसा, दारू, मारामाऱ्या यांचा पूर यायचा. तेल आटलं की सगळं ओसरायचं. सुधारणा म्हणजे वरवरचा मुलामा आहे, हा त्याचा ग्रह इथेच पक्का झाला असावा, असं मला वाटतं.

हॉवर्डला इतिहासाचं वेड होतं. पण पोट लेखणीवर, आणि ऐतिहासिक कथेला अभ्यासासाठी वेळ फार लागतो. त्यानं तोडगा काढला. अटलांटिस बुडाल्यानंतरचं आणि ज्ञात इतिहासापूर्वीचं एक युगच त्यानं कल्पिलं आणि त्याचा रीतसर इतिहास लिहून काढला. नावं मात्र खरी उचलली. सिमेरियन लोक खरोखर होऊन गेले. असिरियाच्या लेखांत आणि हिरोडोटसच्या ग्रंथात ते भेटतात. इटलीत अक्विलोनिया नावाचं गाव होतं, तिथे इ. स. पूर्व २९३ मध्ये रोमनांनी सॅम्नाइट लोकांना हरवलं. आपणही या नकाशावर आहोत बरं का! १९३४च्या एका कथेत ‘वेंध्या’ नावाचा देश येतो आणि त्याची राजधानी आहे अयोध्या. वेंध्या म्हणजे आपला विंध्य, हे मराठी वाचकाला सांगायला नको.

कोननची पहिली कथा डिसेंबर १९३२ मध्ये ‘वीअर्ड टेल्स’ मासिकात आली. गंमत अशी, की या पहिल्याच कथेत कोनन राजा झालेला आहे. चोर, चाचा, भाडोत्री शिपाई ही त्याची आधीची आयुष्यं हॉवर्डनं मागाहून सांगितली. सुरुवात सिंहासनापासून, आणि सिंहासनावर तो सुखी नाही. न्युमेडिडीस या जुलमी राजाला त्यानं उलथवलं, तेव्हा लोकांनी त्याला मुक्तिदाता म्हटलं. आता त्याच जुलमी राजाचा पुतळा देवळात उभा आहे आणि लोक त्यापुढे गळा काढताहेत. का? तर मेलेला राजा आपल्यातला होता आणि हा परका.

या असंतोषाला धार देतो रिनाल्डो नावाचा कवी. त्याला फासावर द्या, असं सुचवलं जातं. कोनन नकार देतो. त्याचं म्हणणं, मोठा कवी राजापेक्षा थोर. राजा मरून जाईल, गाणी उरतील. पुढे तोच कवी मारेकऱ्यांबरोबर महालात शिरतो. कोननचा हात थबकतो. कुशीत खंजीर शिरल्यावरच तो नाइलाजानं वार करतो.

महिनाभरानं आलेल्या दुसऱ्या कथेत शत्रूच्या कैदेतला कोनन राज्य विकायला साफ नकार देतो. आपल्या राज्यात सरदार गरिबाला छळू शकत नाही आणि कर सर्वांत हलका आहे, हा त्याचा दावा. गादीवरचा हक्क रक्तानं ठरतो की कारभारानं, हा प्रश्न हॉवर्डनं तलवारबाजीच्या गदारोळात असा हळूच सोडून दिला आहे.

या कथांत दोष नाहीत असं नाही. त्या काळातल्या गोऱ्या अमेरिकेचा वर्णद्वेष त्यांत ठिकठिकाणी दिसतो आणि आज तो खटकतो. तो डोळ्यांआड करू नये.

हॉवर्डनं आपलं लाडकं राज्यही वाचवलं नाही. त्याच्याच इतिहासात पुढे पिक्ट टोळ्या अक्विलोनिया बुडवतात, आणि मग पृथ्वीच उलथीपालथी होते. क्षयानं आजारी असलेली आई शुद्धीवर येणार नाही, असं कळल्यावर ११ जून १९३६ रोजी त्यानं स्वतःचं आयुष्य संपवलं. वय अवघं तीस.

पुढे १९६६ पासून स्वस्त पुस्तकं, १९७० मध्ये चित्रकथा, १९८२ मध्ये आर्नोल्ड श्वार्झनेगरचा सिनेमा. जगाला पिळदार दंड लक्षात राहिले. सिनेमात सिंहासनावरचा कोनन शेवटच्या क्षणापुरता दिसतो. मला मात्र तोच राजा महत्त्वाचा वाटतो. मुकुट तलवारीनं मिळतो, पण विरोधात गाणाऱ्या कवीचं काय करायचं हे तलवार सांगत नाही. सिंहासनावर बसणाऱ्या प्रत्येकाला हे कोडं पडतं. हॉवर्डच्या रानटी राजाला ते निदान पडलं तरी.