भावाचा तक्ता आणि शिलालेखातलं शेत



आजचा विषय काहींना अपरिचित वाटेल. स्थावर मालमत्तेत पैसा गुंतवणारे जे ट्रस्ट आहेत, ज्यांना आता सगळे 'रीट' म्हणतात, त्यांच्या युनिटांचे मागचे भाव कसे वाचायचे, हा तो विषय. तत्त्वज्ञानाच्या माणसानं यात कशाला पडावं, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर असं की मागच्या भावांचा तक्ता हा इतिहासाचा दस्तऐवज आहे आणि त्यावरून उद्याविषयी बोलणं हे अनुमान आहे. या दोन्ही गोष्टी पारखून घेणं हे आमच्या विषयाचंच काम. शिवाय प्रश्न पोटाचा आहे. आपल्या नाशकात प्रेसमधून, ओझरच्या विमान कारखान्यातून, शाळा-कॉलेजांतून माणसं निवृत्त होतात. हातात एकरकमी पैसा येतो आणि मोबाइलवर कुणीतरी एक चढती रेघ दाखवतं. त्या रेघेवर किती विसंबायचं?

सुरुवात आपल्याच डोंगरापासून करू. पांडवलेणीच्या दहा क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचे लेख आहेत, इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातले. त्यातल्या एका लेखात तो सांगतो की, भिक्षूंच्या जेवणाची सोय व्हावी म्हणून एका ब्राह्मणाकडून ४,००० कार्षापणांना शेत विकत घेऊन दिलं. नगराच्या हद्दीवर, वायव्येला. म्हणजे बघा, नाशिकच्या जमिनीचा भाव दगडावर कोरलेला आहे! दुसऱ्या लेखात ३,००० कार्षापणांची ठेव आहे, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवलेली. २,००० दरमहा शेकडा एक दरानं आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण दरानं. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. हिशेब करून पाहा. २,००० वर महिन्याला २०, वर्षाला २४०. लेखात म्हटलंय, पावसाळ्यात राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी. वीस गुणिले बारा, २४०. हिशेब तंतोतंत जुळतो. आणि हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं, दफ्तरी नोंदवलं, असंही तिथे लिहिलेलं आहे.

आता गंमत बघा. ठेवीची रक्कम, दर, उत्पन्न, ते कुणाला मिळणार, सगळं दिलेलं असल्यामुळे आज आपण तो व्यवहार तपासू शकतो. शेताचा मात्र नुसता भाव दिला आहे. क्षेत्र किती, पीक किती, काही नाही. म्हणून ४,००० हा आकडा आपल्याला माहीत असूनही ते शेत स्वस्त पडलं की महाग, हे आपण सांगू शकत नाही. भाव कळला म्हणजे मूल्य कळलं असं होत नाही, हा पहिला धडा.

दुसरा धडा शेजारच्याच तीन क्रमांकाच्या लेण्यात आहे. गौतमीपुत्र सातकर्णीनं आपल्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी पूर्वी उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनं शेत भिक्षूंना दिलं. चोविसाव्या वर्षाचा लेख सांगतो की, कखडी गावी दिलेलं शेत कसलं जात नाही, गावात वस्तीही नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या हद्दीवरची राजाच्या मालकीची १०० निवर्तनं देत आहोत. क्षेत्र निम्मं झालं आणि तरीही भिक्षूंचा फायदा झाला. कारण जमिनीचं मूल्य ती कसणाऱ्या हातांत आणि वसलेल्या गावात असतं. नुसता '२००' आणि '१००' असा रकाना कुणी वाचला तर तो उलटाच निष्कर्ष काढील.

आता आजच्या काळात येऊ. रीटचा कायदा अमेरिकेत १९६० साली झाला. आपल्याकडे सेबीनं नियम केले २०१४ मध्ये आणि पहिला ट्रस्ट, एम्बसी ऑफिस पार्क्स, एप्रिल २०१९ मध्ये बाजारात नोंदला गेला. युनिट ३०० रुपयांना विकलं होतं. पुढे २०२० मध्ये माइंडस्पेस, २०२१ मध्ये ब्रुकफिल्ड आणि २०२३ मध्ये मॉलवाला नेक्सस. यांच्या इमारती लांब कुठे नाहीत. हिंजवडी, खराडी, ऐरोली, विक्रोळी इथे आपलीच मुलं त्यांत नोकरीला जातात. नियम असा की मालमत्तेचा निदान ८० टक्के भाग बांधून पूर्ण झालेला आणि भाडं देणारा हवा आणि वाटण्याजोग्या रोख रकमेपैकी निदान ९० टक्के युनिटधारकांना वाटली पाहिजे. म्हणजे मुळातच ही वस्तू उषवदाताच्या ठेवीसारखी आहे. मुद्दल राखायचं आणि उत्पन्न खायचं.

मग भावाच्या तक्त्यात काय दिसतं? एम्बसीचंच उदाहरण घेऊ. ३०० चं युनिट पाच वर्षांनी, २०२४ च्या वसंतात, साडेतीनशे ते चारशेच्या दरम्यान होतं. भावाचा रकाना पाहणारा म्हणेल, पाच वर्षांत एवढंच? पण त्याच पाच वर्षांत युनिटमागे शंभराहून जास्त रुपये वाटले गेले. भावाच्या रकान्यात त्यातला एक रुपयाही दिसत नाही. उलट वाटपाचा हक्क ज्या दिवशी सुटतो त्या दिवशी भाव साधारण तेवढ्यानं उतरतो आणि रेघेत खड्डा दिसतो. गाईची किंमत रोज लिहून ठेवली, पण दूध काढलं ते लिहिलंच नाही, असा हा प्रकार.

यावर उपाय म्हणून काही ठिकाणी 'समायोजित भाव' देतात. म्हणजे वाटलेली रक्कम मागच्या भावांतून कमी करत जातात. उताऱ्याची टक्केवारी त्यामुळे बरोबर येते. पण मग २०१९ च्या रकान्यात असा आकडा दिसू लागतो ज्या भावानं त्या दिवशी कुणीच काही घेतलं नव्हतं. पुढचं वाटप झालं की तो आकडा पुन्हा बदलतो. वर्तमानामुळे भूतकाळ बदलतो! म्हणून तक्ता हातात आला की पहिला प्रश्न विचारायचा : हा प्रत्यक्ष सौद्याचा भाव आहे की नंतर दुरुस्त केलेला?

आणि जे वाटलं ते सगळं भाडंच होतं का? नाही. त्यात व्याज असतं, लाभांश असतो, आणि एक भाग असा असतो की जो खालच्या कंपनीनं ट्रस्टचं कर्ज फेडल्यामुळे आलेला असतो. २०२३ च्या अर्थसंकल्पात या भागाच्या करावरून वाद झाला आणि शेवटी ठरलं असं की, तो आपल्या खरेदीच्या किमतीतून वजा करत जायचा. म्हणजे कराच्या दृष्टीनं तो मुद्दलातूनच परत आलेला. आंबे विकून आलेले पैसे आणि फांद्या विकून आलेले पैसे एकाच पिशवीत आले, तरी घरच्या माणसानं ते वेगळे मोजायला हवेत.

आता अनुमानाकडे येऊ. आपले नैयायिक म्हणत, धूर आहे तिथे अग्नी आहे. पण अग्नी आहे तिथे धूर असतोच असं नाही. इंधन ओलं असेल तरच धूर होतो. त्या ओल्या इंधनाला ते 'उपाधी' म्हणतात, गृहीत धरलेली पण न बोललेली अट. भावाच्या रेघेतही अशी उपाधी लपलेली असते. मे २०२० ते मे २०२२ रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो साडेसहा झाला. बँकेतली ठेवच जास्त देऊ लागली, की भाड्याच्या उत्पन्नाला लोक कमी किंमत देतात. इमारत तीच, भाडेकरू तोच, भाव मात्र दबतो. २०२५ मध्ये दर पुन्हा खाली येऊ लागले. तेव्हा 'रीट चढतात' हे वाक्य अपुरं आहे. कोणत्या दराच्या काळात, किती जागा भरलेल्या असताना, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. आपल्याकडचा तक्ता २०१९ पासूनचा. त्यात एक साथ आली, घरून काम करायची पद्धत आली, व्याजदराचा एक चढ-उतार आला. एवढ्या नमुन्यावर नियम बांधणं म्हणजे एका स्वयंपाकघरावरून व्याप्ती ठरवणं. अमेरिकेतला तक्ता जास्त लांब आहे. तिथे २००७ ते मार्च २००९ मध्ये रीटची किंमत सुमारे दोन तृतीयांशांनी घसरली होती. आणखी लांब पाहायचं तर ॲमस्टरडॅमच्या हेरेनग्राख्त कालव्यावरच्या घरांचे १६२८ ते १९७३ चे भाव पिएट आयखोल्ट्झ या अर्थतज्ज्ञानं मांडले आहेत. महागाई वजा केल्यावर साडेतीनशे वर्षांत किंमत जेमतेम दुप्पट. 'जमीन कधी खाली येत नाही' म्हणणाऱ्यांनी हे जरा शांतपणे वाचावं.

आणि रेघ खाली-वर होत नसेल तर? आमच्या पिढीला युनिट ६४ आठवत असेल. १९६४ साली युनिट ट्रस्टनं आणलेली योजना. तिचा भाव बाजारात ठरत नव्हता, ट्रस्ट ठरवत होता, आणि तो वर्षानुवर्षं सावकाश, शिस्तीत चढत होता. जुलै २००१ मध्ये खरेदी-विक्री थांबवली तेव्हा लोकांना कळलं की युनिटमागची खरी मालमत्ता त्या भावापेक्षा पुष्कळ कमी आहे. किती निवृत्तांची झोप तेव्हा उडाली! शांत रेघ म्हणजे सुरक्षितता नव्हे. कधी कधी तिचा अर्थ एवढाच असतो की कुणी मोजतच नाही. रीटचा भाव रोज हलतो आणि मालमत्तेचं मूल्यमापन स्वतंत्र मूल्यांककाकडून ठरलेल्या मुदतीनं होतं. हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहता येतात. रोजची हालचाल त्रासदायक वाटते, पण ती त्या मोजणीची किंमत आहे.

तेव्हा मित्रहो, मागचे भाव वाचू नका असं आम्ही म्हणत नाही. पण वाचताना उषवदाताच्या कारकुनानं ठेवीबद्दल जे नोंदवलं तेवढं तरी मागा : मुद्दल किती, दर किती, उत्पन्न किती, ते कशातून आलं आणि कुणाला मिळालं. गौतमीपुत्राच्या अधिकाऱ्यांनी जे तपासलं तेही तपासा : शेत कसलं जातंय का, गाव वसलेलं आहे का. आजच्या भाषेत, जागा किती भरलेली आहे, करार कधी संपतात, कर्ज किती आहे. ही उत्तरं ट्रस्टच्या तिमाही आणि वार्षिक अहवालांत छापलेली असतात. रेघ पाहायला अर्धं मिनिट लागतं, अहवाल वाचायला एक दुपार. आयुष्यभराच्या कमाईसाठी एक दुपार फार नाही.